सदर इसम

ठाण्याला कोर्ट नाक्यावर झेरॉक्सवाल्याच्या छत्रीखाली
माझं टेबल. सत्तावीस वर्षं लोकांची वाक्यं
मी सरकारी करून देतो.
'माझा नवरा' आला की 'सदर इसम',
'मारलं' आलं की 'मारहाण झाल्याचे समजते'.
पानाला वीस रुपये. आजवर कुणाची तक्रार नाही.

गुलाब मढवी घणसोलीहून आली
ती चौकीतला फॉर्म घेऊनच:
हरवलेल्या व्यक्तीबाबत.
म्हणाली, हा शब्द काढा.
भावूस हरवला नाय. नेला त्याला.
बाई, फॉर्मचं नावच ते आहे.
हरवते ती छत्री, म्हणाली, आणि माझ्या छत्रीकडे बघितलं.

मग मला शाळेतलं व्याकरण आठवलं.
हरवायला कुणी करणारा लागत नाही,
दूध नासावं तसं ते आपलं आपण होतं.
नेला म्हटलं की वाक्य लगेच विचारतं, कुणी?
आणि त्या जागी टाइप करायला
माझ्याकडे होती एक बिननंबरची पांढरी गाडी,
साध्या कपड्यांतले तिघे,
त्यातल्या एकाचे बूट मात्र खात्याचे.

हरेश्वर बामा मढवी, वय चौतीस,
रबाळ्यात प्रेस मशीनवर,
उजव्या अंगठ्याचं नख काळं.
युनियनच्या पावत्या फाडायचा.
रात्री अकराला पाळी सुटली, गेटपर्यंत सगळ्यांनी पाहिला.
डबा सापडला गटाराच्या कठड्यावर,
झाकण नीट लावून ठेवलेला.
कुणीतरी डब्याची तेवढी काळजी घेतली होती.

चौकीच्या डायरीत नोंद नाही.
शाखा म्हणते आमच्याकडे नाही.
तळोज्याच्या यादीत नाव नाही.
नाव नाही म्हणून माणूस नाही,
माणूस नाही तर त्याची तारीख कुठली.
तारखेला शिव्या घालणारे इथे हजार बघितले.
तारीख मिळावी म्हणून रडणारी ही पहिली.

मधे एक पोरगा सुटून आला. माझं नाव घालू नका म्हणाला.
डोळ्यांवर पट्टी होती, कुठे ते कळलं नाही,
फक्त दिवसातून तीनदा भोंगा यायचा
आणि भिंतीपलीकडे कुणीतरी कुकर लावायचं.
तेव्हापासून गुलाब सुट्टीच्या दिवशी फिरते.
दिघा, ऐरोली, रबाळे, महापे.
भोंगा झाला की आहे तिथे थांबते
आणि शिट्ट्या मोजते.

म्हणजे ती खोली जंगलात नाही, बेटावर नाही.
कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे.
पलीकडचं माणूस म्हणत असेल,
आज वरण जरा पातळच झालं.

मी ऐरोलीत राहतो.
आमच्या स्वयंपाकघराच्या पलीकडे कोण,
मी कधी विचारलं नव्हतं.
त्या रात्री बायको म्हणाली, कान लावून काय उभे आहात?

वकिलांनी मसुद्यावर लिहून दिलं, बंदी प्रत्यक्षीकरण.
केवढा लांबलचक शब्द.
गुलाबने अर्थ विचारला.
माणूस समोर आणा, दिसू द्या, एवढंच.
मग तेवढंच लिहा की, म्हणाली.

हा सहावा अर्ज. आठ पानं. शेवटी 'सबब विनंती की'
टाइप करून मी सहीसाठी पेन पुढे केलं
तर म्हणाली, अजून एक ओळ घाला.
वांगं खात नाय तो. घसा सुजतो त्याचा.
बाई, हे कोर्टाला कशाला?
कोर्टाला नाय, म्हणाली.
ज्यांनी ठेवलाय ते वाचतीलच ना कधीतरी.

मी विनंतीच्या वर कर्सर नेला.
जागा केली.
आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने लिहिलं,
सदर इसम वांगे खात नाही.

मग पहिले दोन शब्द खोडले.
लिहिलं, हरेश्वर.